थाळनेरचे पान
युद्धाचा इतिहास निवडावा कसा?



खानदेशातील बहुतेक वाचनालयांत इतिहासाचे एक कपाट असते. त्या कपाटातील कादंबऱ्यांचे खण हाताळून झिजलेले असतात आणि इतिहासग्रंथांचे खण कोरे करकरीत राहिलेले असतात. आर्थिक वर्ष संपत आले आणि अनुदानाचे चार पैसे शिल्लक राहिले की पुस्तकांची यादी घाईघाईने होते. युद्धाविषयीचे पुस्तक असेल तर मुखपृष्ठावरील घोडा आणि तलवार पाहून ते पसंत केले जाते. परिणाम असा की पानिपतावर कोण कुठे पडला हे तोंडपाठ असलेल्या तरुणाला, आपला जिल्हा इंग्रजांच्या ताब्यात कोणत्या युद्धात, कोणत्या तहाने आणि किती प्राणांच्या मोलाने गेला, हे सांगता येत नाही. त्याचा दोष त्याला देण्यात अर्थ नाही. ते सांगणारे पुस्तक त्याच्या हाती कोणी दिलेले नसते.

ते युद्ध १८१७-१८ चे. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज याने एक लाखाहून अधिक फौज हिंदुस्थानच्या मध्यभागाभोवती वेढ्यासारखी उभी केली. कारण जाहीर केले ते पेंढाऱ्यांच्या बंदोबस्ताचे. वर्ष सरले तेव्हा पेशवाई बुडालेली होती, होळकर आणि भोसले मांडलिक झालेले होते, आणि खानदेश कंपनी सरकारचा मुलूख बनला होता. दख्खनच्या फौजेचा सेनापती सर थॉमस हिस्लॉप याने २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूर येथे होळकरांचा पराभव केला. ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला आणि सातपुड्याच्या दक्षिणेकडील सर्व मुलूख होळकरांनी सोडून दिला. होळकर म्हणजे त्या वेळी एक अल्पवयीन मुलगा. त्याच्या नावाने तह झाला, आणि त्या तहातील एका कलमाने तापीकाठचे थाळनेर परके झाले.

या युद्धावर पुस्तके पुष्कळ आहेत. त्यांतले चांगले कोणते आणि टाकाऊ कोणते, हे ठरविण्याची एक सोपी कसोटी खानदेशातील कार्यकर्त्याच्या हाताशी आहे. पुस्तक उघडावे, सूचीत थाळनेर शोधावे, आणि ते पान प्रथम वाचावे. महिदपूरच्या लढाईचे वर्णन कोणीही चांगले करतो. तिथे तोफा आहेत, घोडदळ आहे, नदीचा उतार आहे. लेखकाची खरी परीक्षा थाळनेरला होते. कारण तिथे जे घडले ते सांगताना विजेत्याच्या लेखणीला अडखळावेच लागते.

घडले ते असे. सेंधव्याचा घाट उतरून हिस्लॉपची फौज २७ फेब्रुवारी १८१८ रोजी थाळनेरपुढे आली. तह होऊन बावन्न दिवस झाले होते. किल्ला देण्याऐवजी आतून गोळीबार झाला. किल्लेदार तुळशीराम मामा याला आधीच ताकीद पोचविली होती, तह झाल्यावरचा प्रतिकार हे बंड समजले जाईल असे कळविले होते, हा हिस्लॉपचा पुढील काळातील बचाव. तोफांचा मारा झाल्यावर इंग्रजी तुकड्या दरवाज्यांतून आत शिरू लागल्या. एकामागून एक दरवाजे असलेला तो किल्ला. मधल्या दरवाज्यावर किल्लेदार स्वतः बाहेर आला आणि स्वाधीन झाला. शेवटच्या दरवाज्याची दिंडी उघडली गेली, काही अधिकारी मूठभर शिपायांसह आत गेले, आणि आतल्या अरब शिबंदीशी त्यांची झटापट झाली. मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर ठार झाले. मागची फौज आत घुसली आणि शिबंदीतील सुमारे ३०० माणसे कापून काढण्यात आली. स्वाधीन झालेल्या किल्लेदाराला त्याच संध्याकाळी फाशी देण्यात आले.

आता या एका पानावर पुस्तके कशी वेगळी होतात ते पाहावे.

पहिले पुस्तक व्हॅलेंटाइन ब्लॅकर याचे. हा हिस्लॉपच्याच सैन्याचा क्वार्टरमास्टर जनरल. त्याचा ग्रंथ १८२१ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. मोहिमेतील कूच, मुक्काम, अंतरे, नकाशे, कोणत्या तुकडीने कोणत्या दिवशी कोणती नदी ओलांडली, हे जाणून घ्यायचे तर त्याच्यासारखा दुसरा आधार नाही. हा माणूस मोजून लिहितो. परंतु ज्या सैन्याच्या कृत्याची चौकशी व्हावयाची त्या सैन्याचाच तो वरिष्ठ अधिकारी, हे वाचकाने क्षणभरही विसरता कामा नये. अंतरांच्या बाबतीत ब्लॅकर साक्षीदार आहे, तर थाळनेरच्या बाबतीत तो पक्षकार आहे. एकाच पुस्तकावर एका प्रकरणात विश्वास ठेवावा आणि पुढच्याच प्रकरणात ठेवू नये, हे नवख्या वाचकाला चमत्कारिक वाटते. पण इतिहास वाचण्याचे शिक्षण म्हणतात ते हेच.

ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ चा. हा गृहस्थही युद्धात होता आणि युद्ध संपल्यावर साताऱ्यास राज्यकर्त्यांचा प्रतिनिधी होता. कागद त्याने खूप पाहिले. डेव्हिड केपन याने लवकरच त्याचे मराठी भाषांतर केले आणि ‘मराठ्यांची बखर’ या नावाने ते शाळांतून शिकविले गेले. म्हणजे युद्ध संपून पंधरा वर्षेही झाली नव्हती, तोच पराभूतांची मुले विजेत्याने लिहिलेला पराभवाचा इतिहास पाठ करू लागली होती. त्या ग्रंथावर मराठीतून पहिला सज्जड आक्षेप १८६८ च्या सुमारास नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने घेतला. त्या वेळी तो महाविद्यालयीन विद्यार्थी होता. त्याचे म्हणणे साधे होते: या साहेबाने कोणते कागद पाहिले, कोणते पाहिले नाहीत, आणि ते आपल्याला कोठे पाहावयास मिळतील? आज पुस्तक निवडणाऱ्यानेही पहिला प्रश्न हाच विचारावा. ग्रंथाच्या शेवटी आधारांचा उल्लेखच नसेल, तर त्यातील वीररस कितीही उसळता असो, ते पुस्तक इतिहासाच्या खणात ठेवू नये. कादंबऱ्यांच्या खणात जागा नसली तरी तेथेच ठेवावे.

मुंबई सरकारने काढलेल्या गॅझेटियरचा खानदेश खंड १८८० चा. खानदेशातील प्रत्येक वाचनालयात तो असला पाहिजे, आणि आता तर शासनाने तो संकेतस्थळावरही उपलब्ध करून दिला आहे. थाळनेरचा वृत्तांत त्यात आहे, तीनशेंचा आकडाही आहे. सरकारी ग्रंथ म्हणून त्याला नाके मुरडणे हा आळस आहे. सत्तेच्या कागदांतच सत्तेविरुद्धचा पुरावा पुष्कळदा पडून असतो. तो शोधण्यासाठी ओळी वाचाव्या लागतात, आणि क्रियापदांचे कर्तेही तपासावे लागतात. किल्ला ‘पडतो’, शिबंदी ‘मारली जाते’, किल्लेदार ‘फासावर जातो’. मारणारा कोण, हुकूम कोणाचा, हे सांगायची वेळ आली की असे लेखन कर्मणी प्रयोगात दडून बसते. इंग्रज अधिकारी मात्र हुद्द्यासह आणि नावासह मरतो. थाळनेरच्या त्या संध्याकाळी मेलेल्या दोन गोऱ्या अधिकाऱ्यांची नावे दोनशे वर्षांनंतरही कोणालाही सांगता येतात. तीनशेंमधून एकच नाव उरले आहे, तेही किल्लेदाराचे.

शिबंदीने दरवाज्यात हल्ला का केला? तिने दगा दिला, असे म्हणून जो लेखक पुढे जातो त्याचे पुस्तक बाजूला ठेवायला हरकत नाही. गैरसमजातून हे घडले असावे, असे स्पष्टीकरण इंग्रजी वृत्तांतांतच आढळते. चांगला इतिहासकार इथे थांबतो आणि विचारतो: आतल्या अरब शिपायांना अटी कोणत्या सांगितल्या होत्या, कोणत्या भाषेत, आणि कोणी? किल्लेदार मराठी बोलणारा, शिबंदी अरबांची, फौज मद्रासेकडची, अधिकारी इंग्रज. मधल्या दरवाज्यापर्यंत जो करार झाला तो शेवटच्या दरवाज्याच्या आत पोचला होता काय? हा प्रश्न काल्पनिक नाही, आणि याचे प्रत्यंतर चारच महिन्यांत मालेगावला आले. नारोशंकराने बांधलेला तो किल्ला अरबांनी मे महिन्याच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत लढविला आणि कर्नल मॅकडॉवेलच्या फौजेची मोठी हानी केली. शेवटी शरणागतीच्या अटी ठरल्या. मराठीत लिहिलेल्या त्या मसुद्याचे शब्द इंग्रजांच्या मनात असलेल्या अटींपेक्षा अरबांना पुष्कळच अनुकूल उतरले होते. वाद एल्फिन्स्टनकडे गेला आणि त्याने लिखित शब्दाचा अर्थ अरबांच्या बाजूने लावला. थाळनेरला तीनशे प्रेते पडली आणि मालेगावची शिबंदी जिवंत बाहेर पडली. शत्रू तोच, मोहीम तीच, फरक एका कागदाचा. युद्धाच्या इतिहासात मुनशी आणि दुभाषे यांना दोन ओळी न देणाऱ्या ग्रंथाने तोफांना दोनशे पाने दिली, तरी तो ग्रंथ अपुराच राहतो.

थाळनेरच्या कठोरपणामुळे पुढचे किल्ले लवकर हाती आले आणि म्हणून एकंदर रक्तपात टळला, हे समर्थनही वाचकाला भेटेल. असे समर्थन प्रत्येक युद्धात भेटते, ते आजच्या युद्धांच्या बातम्यांतही भेटते. ज्या पुस्तकात ते असेल त्या पुस्तकाने मालेगावचा हिशेब दिला आहे काय, हे पाहावे. तीनशे माणसे मारल्याची वार्ता शेजारच्या अरबांपर्यंत पोचली नसेल, असे मानणे कठीण आहे. ती ऐकून ते शरण आले नाहीत, ते महिनाभर लढले.

इंग्लंडात या प्रकरणाचे पडसाद उमटले, ही गोष्ट मराठी वाचकांना फारशी ठाऊक नाही. मार्च १८१९ मध्ये पार्लमेंटपुढे हेस्टिंग्ज, हिस्लॉप आणि सैन्य यांच्या आभाराचे ठराव आले. हिस्लॉपच्या ठरावात मात्र थाळनेर प्रकरणाला हे आभार लागू नाहीत, असा अपवाद नमूद करावा लागला. या घटनेवरून दोन टोकांचे लेखक दोन प्रकारचा लाभ उठवतात. एक म्हणतो, पाहा ब्रिटिश न्यायबुद्धी. दुसरा हा ठराव सांगतच नाही, कारण तो सांगितला तर शत्रू पुरेसा काळा दिसत नाही. दोघांचीही पुस्तके घेऊ नयेत. अपवाद नोंदविला गेला हे खरे, आणि त्यासाठी कोणालाही शिक्षा झाली नाही हेही खरे. याच मोहिमेत मिळालेल्या लुटीच्या पैशांवर हेस्टिंग्जच्या फौजेचा हक्क किती आणि हिस्लॉपच्या फौजेचा किती, हा तंटा मात्र पुढे इंग्लंडात वर्षानुवर्षे चालला. युद्धाचे अर्थशास्त्र समजावून घेणाऱ्याने लुटीच्या वाटणीचे हे प्रकरण अवश्य वाचावे. त्यात सेनापती जितके मनमोकळे बोलतात तितके रणवृत्तांतात कधीच बोलत नाहीत.

आता आपल्या मराठी ग्रंथांकडे. न. चिं. केळकरांचे ‘मराठे व इंग्रज’ हे पुस्तक १९१८ मध्ये, पेशवाई बुडाल्याला शंभर वर्षे झाली त्या निमित्ताने आले. ते मोहिमेचे वर्णन नाही, ती पराभवाच्या कारणांची चर्चा आहे, आणि त्या दृष्टीने आजही वाचनीय आहे. सरदेसायांची ‘मराठी रियासत’ संग्रही असावीच. पण या दोन्ही ग्रंथांचे लक्ष पुणे, बाजीराव आणि सरदार घराणी यांच्यावर खिळलेले आहे. ३ जून १८१८ रोजी बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला की त्या कथेचा पडदा पडतो. खानदेशात लढाई तेव्हा चालूच होती. मालेगावचा वेढा उठायचा होता आणि अशीरगड तर एप्रिल १८१९ मध्ये पडला. राजधानीतून लिहिलेल्या इतिहासात आपला जिल्हा सैन्याच्या वाटेवरचा मुक्काम एवढाच उरतो.

त्याहून अवघड गोष्ट पुढेच आहे. थाळनेरचे तीनशे आपले होते काय? ते परमुलखातून आलेले भाडोत्री शिपाई. त्यांच्यासाठी मराठी राष्ट्रवादी लेखणी रडत नाही, आणि मुसलमानांच्या नावाने गहिवरणारी लेखणीही त्यांना शोधत नाही. किल्लेदाराचा हुतात्मा करणे सोपे आहे. त्याच्या तोंडी दोन तेजस्वी भाषणे घातली की काम झाले. ज्यांच्या बाजूने कोणीच बोलणारा नाही त्यांचा मृत्यू पुस्तकात मोजला जातो काय, हे पाहावे. त्याच युद्धातील १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईची गोष्ट इथे आठवते. तेथील स्तंभावर महार शिपायांची नावे कोरलेली आहेत, आणि बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी तेथे गेले होते. कंपनीच्या पलटणीत ती माणसे का गेली, गावगाड्याने त्यांना काय दिले होते, याचा विचार न करता जो ग्रंथ त्या लढाईला केवळ ‘देशद्रोह’ किंवा केवळ ‘मुक्तिसंग्राम’ असे एका शब्दात उरकतो, तो लेखकाच्या वर्तमानाविषयी बरेच सांगतो आणि १८१८ विषयी थोडे.

अशा वेळी धुळ्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी आपले शेवटचे दिवस येथे घालविले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी येथेच देह ठेवला. पुढच्या वर्षी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. माळ्यावरचे, उंदरांनी कुरतडलेले कागद पाठीवर वाहून आणणारा हा माणूस. त्यांच्या सिद्धांतांशी मतभेद पुष्कळ होतील, विशेषतः जातिव्यवस्थेविषयीच्या त्यांच्या मतांशी समाजवादी कार्यकर्त्याचे पटणे कठीण. पण बखरीपेक्षा अस्सल पत्र श्रेष्ठ, आणि पत्रही तारीख व हस्ताक्षर पारखून घ्यावे, ही शिस्त महाराष्ट्राला त्यांनी लावली. १८९८ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांच्या ‘साधनां’चा पहिला खंड पानिपतच्या काळातील पत्रांचा आहे. मोहीम म्हणजे काय असते, सैन्याला धान्य, वैरण आणि कर्ज कोठून येते, हे त्या पत्रांतून जितके कळते तितके एखाद्या चकचकीत चरित्रातून कळत नाही. १८०३ च्या युद्धावर रँडॉल्फ कूपर यांनी २००३ मध्ये लिहिलेला इंग्रजी ग्रंथही याच अंगाने जातो. शौर्याची तुलना करण्यापेक्षा शिपायांचा पगार कोण नियमित देऊ शकत होता, हा प्रश्न ते महत्त्वाचा मानतात. असईच्या लढाईवर पोवाडे गाणाऱ्यांनी तो जरूर वाचावा.

शेवटचा मुद्दा शेवटच्या पानाचा. युद्धाचा ग्रंथ कोठे संपतो? शेवटचा किल्ला पडला आणि झेंडा चढला, इथे तो संपत असेल तर त्याने अर्धेच काम केले. खानदेशात झेंडा चढला तेव्हा १८०२ पासूनची लुटालूट आणि त्यानंतरचा दुष्काळ यांनी मुलूख उजाड झालेला होता. धुळे हे कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने आपले ठाणे केले, त्या धुळ्याची वस्ती १८१९ मध्ये अवघी अडीच हजार होती. आणि सातपुड्यात, सातमाळ्यात भिल्ल होते. पेशवाईच्या अखेरीस तहाच्या मिषाने बोलावून भिल्लांची कत्तल केल्याच्या नोंदी त्याच गॅझेटियरमध्ये आहेत. इंग्रजांना आधीची राजवट काळी रंगविण्यात स्वार्थ होता, म्हणून त्या तपासून घ्याव्यात. पण आपल्यांची लाज वाटते म्हणून पाने फाडून टाकू नयेत. ब्रिग्जने भिल्लांची रसद तोडली, सैन्य घातले, नाईकांना नेमणुका देऊ केल्या. १८२५ मध्ये जेम्स औट्रॅमने भिल्ल पलटण उभारली आणि धरणगाव हे तिचे ठाणे झाले. गोल्डस्मिडने १८८० च्या सुमारास लिहिलेले औट्रॅमचे चरित्र वाचले तर एका धाडसी, वाघ मारणाऱ्या तरुण साहेबाने रानटी लोकांना माणसाळविले, असे वाटते. अरविंद देशपांडे यांचा जॉन ब्रिग्जवरील प्रबंध (१९८७) आणि सुमित गुहा यांचा पर्यावरण व वांशिकता यांवरील ग्रंथ (१९९९) वाचले की तीच हकिगत जंगल, जमीन, महसूल आणि बंदूक यांची हकिगत म्हणून दिसू लागते. दोन्ही इंग्रजीत आहेत, ही अडचण खरी. पण ज्या कार्यकर्त्याला इंग्रजी येते त्याने एकेक प्रकरण मराठीत सांगावे. अभ्यासवर्ग याचसाठी असतात.

ज्या सेंधवा घाटातून हिस्लॉप उतरला, त्याच घाटाच्या राखणीवर सरकारने पुढे खाज्या नाईकाला ठेवले होते. १८५७ मध्ये तो उलटला. ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणीच्या डोंगरात भिल्लांची इंग्रज फौजेशी लढाई झाली, भिल्ल स्त्रियाही मोठ्या संख्येने कैद झाल्या. १८१८ चे युद्ध चाळीस वर्षांनी इथे येऊन पोचते. त्याचा हा भाग ज्या ग्रंथात असेल तो किंमत जास्त असली तरी आधी घ्यावा.

वाचनालयाजवळ पैसे थोडे असतील तर एवढे करता येईल. गॅझेटियर आणि ब्लॅकर विकत घेण्याची गरज नाही, दोन्ही संगणकावर विनामूल्य मिळतात. त्यांतील थाळनेरची पाने छापून काढावीत. रियासतीचा संबंधित खंड आणि केळकर घ्यावेत, देशपांडे आणि गुहा जिल्हा ग्रंथालयाकडे मागावेत. पहिल्या संध्याकाळी थाळनेरचे पान सर्व पुस्तकांतून क्रमाने मोठ्याने वाचावे आणि प्रत्येक वाक्याचा कर्ता कोण ते फळ्यावर लिहीत जावे. दुसऱ्या संध्याकाळी मालेगावचा शरणागतीचा कागद घ्यावा. तिसरी बैठक धरणगावला घ्यावी, आणि तिला पाड्यांवरील कार्यकर्ते आल्याखेरीज सुरुवात करू नये.